कुबड्या घेऊन वर्ध्याला जायचं: एसटी की रेल्वे?

धामणगाव-पुलगाव पट्ट्यातल्या दिव्यांगाला वर्ध्याला किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात जायचं तर खरे पर्याय दोनच, एसटी आणि रेल्वे. काळीपिवळी मी धरतच नाही. ज्याचा पाय दुमडत नाही त्याला तिथं कोंबून बसवतात. मला लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे पाय ताठ धरणारा पट्ट्यांचा आधार, आणि काखेत दोन कुबड्या. तेव्हा हे सगळं कुबड्यावाल्याचं मत समजा.

सवलतीवरून निवड करू नका. साध्या एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात, सोबत्याशिवाय जाऊ न शकणाऱ्या अस्थिव्यंग माणसाला ७५ आणि सोबत्यालाही तेवढीच. उरलेला फरक चहापाण्याचा.

सोयींत रेल्वे पुढं आहे, हे मान्यच करायला हवं. दिव्यांग डब्याचं दार रुंद, कुबड्या ठेवायला ऐसपैस जागा, संडासात धरायला दांडे. साध्या एसटीची पहिली पायरी मात्र फार उंच. कॅलिपरचा पाय तिथवर जात नाही, म्हणून मी आधी कुबड्या आत देतो, दांडा धरतो आणि हातांच्या जोरावर अंग वर ओढतो. पावसाळ्यात दांडा ओला असला की खांदे भरून येतात. राखीव आसनं, आधाराचे दांडे, कुबड्या-वॉकर ठेवायची सोय हे सगळं २०२० पासून बसच्या नियमांत आलं आहे, पण खेड्याच्या फेरीला कोणती गाडी लागेल ते ती आल्यावरच कळतं.

तरी मी एसटीच धरतो, कारण ती माझ्यासाठी थांबते.

छोट्या स्टेशनावर गाडी थांबते मिनिट-दोन मिनिटं. दिव्यांग डबा बहुधा टोकाला असतो; आज पुढच्या की मागच्या, ते नक्की नसतं. आपण एका टोकाला उभे आणि डबा दुसऱ्या टोकाला लागला, तर धडधाकट माणूस पळत जाऊन पकडेल. मी कसा पळू? आणि कसाबसा पोचलो तरी दार आतून लावलेलं. आत बोचकी घेऊन बसलेली माणसं. मी कुबडीनं दार ठोकतो, आतून आवाज येतो, "समोर जा, जागा नाई इथं." तेवढ्यात गाडी हलते. हे एकदाच झालं असतं तर मी लिहिलंही नसतं. फलाटावर उभं राहून आपल्याच नावाचा डबा डोळ्यांसमोरून जाताना बघणं मला सहन होत नाही. माझा निर्णय तिथंच झाला.

एसटीत दाराशी वाहक असतो. "चढा भाऊ, घाई नोका करू," म्हणत कुबड्या हातात घेतो, राखीव जागेवरच्या पोराला उठवतो आणि मी टेकल्याशिवाय डबल बेल देत नाही. सगळेच असे असतील असं म्हणत नाही, मला तरी बहुतेक असेच भेटले. मागची माणसं कुरकुरतात, पण गाडी मला सोडून जात नाही.

केंद्र सरकारचं सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ ला सुरू झालं. सरकारी प्रवासी गाड्यांपैकी १० टक्के मार्च २०१८ पर्यंत पूर्ण सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा करायच्या, असं त्यात ठरलं होतं. म्हणजे दहातली एक. आमच्या फाट्यावर दिवसभरात येतात त्या मोजक्या फेऱ्यांत ती एक कधी येणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४१ बसस्थानक, स्टेशन आणि गाड्या या सगळ्यांची जबाबदारी सरकारवर टाकतं. सुगमतेचे नियम नुसते मार्गदर्शक न ठेवता बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुडी प्रकरणात सांगितलं. मोठ्या स्टेशनांवर लिफ्ट आल्या, सरकते जिने आले. हे काम झालं आहे आणि त्याचं मोल मला कळतं. पण चढायला वेळ किती मिळतो आणि राखीव डब्याचं दार आतून कोण लावतं, हेही प्रगती मोजताना बघायला हवं. रॅम्पची रुंदी मोजून माझ्यासारखा माणूस गाडीत चढत नाही.

व्हीलचेअर असेल तर माझा सल्ला उलटा. साध्या एसटीत खुर्चीसकट चढता येत नाही, दोघांनी उचलून न्यावं लागतं, आणि मोठ्या माणसाला ते जिवावर येतं. त्यांनी वर्धा, बडनेरा अशा मोठ्या स्टेशनावरूनच रेल्वे धरावी. नागपूरच्या पुढं जायचं असेल तर संडासासाठी मीही रेल्वेच बघतो, पण सोबत कुणीतरी असेल तरच. तो पुढं जाऊन दार उघडवून ठेवतो.

बाकी वर्ध्यापर्यंत एसटी. जमेल तर फाट्यावरून न चढता स्टँडवरून चढा, तिथं गाडी थोडा वेळ उभी असते. आणि तिकीट काढतानाच वाहकाला सांगून ठेवा, म्हणजे उतरताना गाडी नालीपाशी न लावता सपाट जागी लावतील.