बाबांच्या नाण्यांची किंमत काढून घेतली, त्याचा अनुभव (पुणे)

बाबा गेले आणि मृत्युपत्र नव्हतं, म्हणजे आई आणि आम्ही तिघं भावंडं, चार सारखे वाटे. घर, एफडी यांचं काही अवघड नव्हतं हो, अडलं ते नाण्यांच्या डब्यापाशी. दोनशेच्या वर नाणी, कुठलं किती किमतीचं कुणालाच माहीत नाही.

आधी ओळखीच्या एका सराफाकडे गेलो ती आमची चूक. त्याने राणीछाप रुपये आणि १९४४ चे रुपये एकाच पारड्यात टाकले आणि सगळ्याला मोडीचा एकच भाव सांगितला. राणीछापात चांदी जवळजवळ ९२ टक्के असते आणि १९४० नंतरच्या रुपयात निम्मीच, हे आम्हाला नंतर कळलं. ताईला तिथेच शंका आली म्हणून डबा उचलून परत आलो.

मग पेठेतल्या एका नाणेतज्ज्ञ काकांकडे गेलो. ते फक्त फी घेऊन किंमत काढून देतात, स्वतः विकत घेत नाहीत, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे कारण घेणाराच भाव सांगणार असेल तर विश्वास कसा ठेवायचा? दोन दुपारी बसून एकेक नाणं भिंगाखाली धरून, वजन करून, प्रत्येकाला नंबर दिला आणि दोन रकाने केले, एक नुसत्या धातूची किंमत आणि दुसरा संग्राहक देईल ती. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया हातात आला तसे थांबले, आम्हाला भिंग दिलं आणि राजाच्या गळ्यातल्या साखळीवरचा हत्ती दाखवला. तो डुकरासारखा दिसतो म्हणून लोक भडकले होते आणि सरकारने नाणी परत घेऊन बरीचशी वितळवली. त्या एकट्या नाण्याची किंमत बाकीच्या चार-पाच रुपयांच्या नाण्यांइतकी निघाली. १९४७ चा वाघाचा रुपया मात्र निकेलचा, तो आम्ही चांदीचा समजत होतो.

वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. रामदरबाराचं १८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं बाबा सगळ्यात मौल्यवान मानायचे, काका म्हणाले ते नाणंच नाही, कंपनीने असं कधी पाडलंच नव्हतं. पण हे त्यांनी आईसमोर इतक्या हळुवारपणे सांगितलं की त्यासाठी मी त्यांना जास्तीचा एक स्टार देईन. ते आता देवघरात आहे.

आणखी एक, दोन शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) मी आदल्या दिवशी चिंचेने घासून लख्ख केल्या होत्या, त्यांची किंमत खाली आली. कृपा करून कुणी घासू नका, आहे तशी काळी राहू द्या.

वाटणीही त्यांनीच सुचवली तशी केली. चिठ्ठ्या टाकून क्रम लावायचा, एकेक नाणं उचलायचं, पुढच्या फेरीत क्रम उलटा, आणि शेवटी बेरजेत फरक राहील तो पैशांनी भरून काढायचा. दादा न्यू जर्सीला असतो, त्याला त्यांनी आधीच सांगितलं की शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी देशाबाहेर न्यायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून त्याने ४० च्या दशकातले रुपये घेतले आणि १९११ चा ताईकडे गेला. भांडण सोडा, आवाजसुद्धा चढला नाही कुणाचा.

तक्रारी दोन. लेखी रिपोर्ट आठवड्यात देतो म्हणाले तो तीन आठवड्यांनी मिळाला, दादा परत जायच्या आदल्या दिवशी, खूप धावपळ झाली. आणि जागा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईला मधल्या जिन्यावर खुर्ची टाकून बसवावं लागलं. वयस्कर माणूस बरोबर असेल तर आधी फोन करा, ते घरीही येतात असं नंतर कळलं.

आईने तिच्या पाळीला पहिल्यांदा काय उचललं माहितीये? भोकाचा पैसा, १९४३ चा. यादीत तो अगदी तळाला होता. दादा लहान असताना त्याच्या करगोट्यात बाबांनी तो ओवला होता म्हणे. काकांनी त्याला वेगळं पाकीट करून दिलं, त्याचे पैसे लावले नाहीत.