फरशी-दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाची सेवा : अनुभव आणि परीक्षण

घरातील खराब फरशीच्या दुरुस्तीचा खर्च काढून देणाऱ्या या सेवेचे सर्वांत मोठे बळ असे, की केवळ फोटो पाहून आकडा सांगण्याऐवजी त्यांचा जाणकार माणूस स्वतः येऊन प्रत्येक फरशी ठोकून पाहतो. वरून धड दिसणाऱ्या, परंतु पोकळ आवाज देणाऱ्या फरशांवर त्याने खडूने खुणा केल्या, भिंतीलगतची ओल तपासली आणि गळती थांबवल्याशिवाय नवी फरशी बसवू नये, असे स्पष्टपणे सांगितले. स्वतःचे काम लांबणीवर पडत असतानाही दिलेला हा सल्ला मला अतिशय मोलाचा वाटतो, कारण ओलीचे मूळ तसेच राहिल्यास नवी फरशीही सुटू लागते.

अंदाजपत्रकात जुनी फरशी काढणे, खालच्या कोब्याची (फरशीखालच्या पक्क्या थराची) डागडुजी, साहित्य आणि मजुरी यांचे दर स्वतंत्र दाखवले आहेत. ४ बाय ३ मीटरच्या खोलीसाठी १२ ऐवजी १३.२ चौरस मीटर फरशी धरली आहे. कापणी आणि तुटफूट यांसाठी १० टक्के जास्त माल घेणे रास्तच आहे. तिरकी मांडणी असती, तर तो आणखी लागला असता.

उणीव एकच, पण ती लहान नाही. राडारोडा उचलणे, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी बसवायची फरशीची पट्टी) आणि जमिनीची उंची वाढल्यास दरवाजे खालून तासणे हे खर्च मी विचारल्यानंतरच कागदावर आले. ते पहिल्याच अंदाजपत्रकात असायला हवे होते.