लेझरच्या दोऱ्या: साधी जुनी बांधणी ठेवावी की जास्त कप्प्यांची घ्यावी?

खडकवासल्यावर चालवायला जुनी लेझर ही शिडाची होडी घेतली, की होडीइतकाच विचार तिच्या दोऱ्यांचा करावा लागतो. ब्रूस कर्बी यांनी आखलेली ही ४.२३ मीटर लांबीची एकट्याने चालवायची होडी १९७१ पासून विकली जाते. आता तिला आयएलसीए म्हणतात. सुरुवातीच्या होड्यांवर दोऱ्या अगदी साध्या होत्या. २००१ च्या सुमारास वर्गाच्या, म्हणजे या एकाच प्रकारच्या होड्यांच्या शर्यतींच्या, नियमांनी जास्त कप्प्या लावायला परवानगी दिली. त्यामुळे बाजारात आज दोन्ही तऱ्हेच्या होड्या मिळतात.

ताण देण्याच्या मुख्य दोऱ्या तीन. व्हँग बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीला, खाली धरून ठेवतो. कनिंगहॅम शिडाची डोलकाठीकडची कड खाली खेचतो, आणि आउटहॉल शिडाचा खालचा भाग सपाट करतो. तिन्हींचं महत्त्व सारखं नाही.

समुद्रावर वारा बराच वेळ एकसारखा लागू शकतो. खडकवासल्यावर तो भोवतीच्या डोंगरांवरून झोतांनी उतरतो. मेच्या दुपारी पश्चिमेचा वारा उठला, की आधी पाण्यावर एक काळसर पट्टा पळत येताना दिसतो. तो होडीपर्यंत पोहोचायच्या आत दोरी ओढून झाली पाहिजे. माझा सगळा निवाडा या काही सेकंदांवर आहे.

जुन्या व्हँगमध्ये कप्प्या कमी, त्यामुळे जोर जास्त लावावा लागतो. बाहेर झुकून बसलेलं असताना एका हाताने तो पुरेसा घट्ट होत नाही. त्यावर जुनी युक्ती आहे. मेनशीट, म्हणजे शीड आत-बाहेर करायची दोरी, पूर्ण आत खेचायची, म्हणजे बूम आपोआप खाली येतो आणि व्हँगची दोरी सैल पडते. तेवढी सैल दोरी काढून घ्यायची आणि मेनशीट परत सोडायची. नवीन माणसाने हे शिकलंच पाहिजे, होडीवर कुठलाही संच असो. पण झोताच्या ऐन तोंडावर मेनशीट खेचायला मन धजत नाही, कारण त्याच क्षणी होडी आडवी व्हायला बघते.

नवा व्हँग १५:१ पर्यंतचा, म्हणजे हिशेबाने हाताच्या जोराच्या पंधरापट ताण देणारा, मिळतो. बसल्या जागेवरून एका हाताने तो ओढता येतो आणि झटक्यात सोडताही येतो. सोडणं जास्त मोलाचं. व्हँग कडक ठेवून वारा जातो त्या दिशेला वळलात, तर बूमचं टोक पाण्याला टेकतं आणि होडी उलटते. मला विचाराल तर पैसे आधी इथे घाला.

कनिंगहॅमचं तसं नाही. जुन्या बांधणीत दोरीतच फास करून त्यातून दोरी ओवतात. दोरी दोरीवर घासते आणि लावलेला बराच जोर तिथेच जिरतो. कप्प्या लावल्यावर फरक हाताला लगेच कळतो. पण घाई नसेल तर फासाच्या जागी दोन लहान कप्प्या आधी लावून बघा. आउटहॉल सर्वांत शेवटी. जुन्यात तो बूमवरच्या क्लीटला, म्हणजे दोरी अडकवायच्या खाचेला, असतो आणि पुढे वाकून बदलावा लागतो. शर्यतीत त्याने वेळ जातो, सरावात चालून जातं.

आता दोरी. पुण्यात निम्म्या घरांत ट्रेकिंगची ६ मिलिमीटरची दोरी पडलेली असते, आणि तीच लावायचा मोह होतो. मी एक मोसम ती आउटहॉलला लावली होती. किनाऱ्यावर शीड छान सपाट दिसायचं. पाण्यावर झोत आला की दोरी ताणायची आणि नेमकं नको तेव्हा शीड फुगायचं. ती नायलॉनची असते, झटका सोसण्यासाठी ताणली जावी हाच तिचा गुण. बोहरी आळीत दोरी घेताना म्हणूनच नायलॉन टाळा आणि पॉलिएस्टर मागा. ती कमी ताणते, उन्हातही टिकते. साध्या बांधणीला ५-६ मिलिमीटरची पुरते.

डायनिमा ही जास्त मजबूत धाग्याची दोरी तिच्याहूनही कमी ताणते आणि पाणी पीत नाही. त्यामुळे कप्प्यांच्या संचाला तीच शोभते. पण ती गुळगुळीत असते. नुसत्या डायनिमात बोलाइन गाठ (न सरकणाऱ्या फासाची गाठ) सरकते, आणि बारीक दोरी कॅम क्लीटच्या, म्हणजे दोन दातेरी जबड्यांत दोरी धरणाऱ्या क्लीटच्या, दातांतून निसटते. म्हणून हातात येणारा भाग पॉलिएस्टरच्या वेष्टनाचा घ्या, कप्प्यांमधला भाग नुसता चालेल. ४ मिलिमीटरची दोरी हातात धरू नका, तळवा सोलवटतो.

तुम्ही वजनाने हलके असाल किंवा मुलगा-मुलगी शिकणार असेल, तर नव्या व्हँगची गरज उलट जास्त आहे. अंगाचा भार कमी, म्हणून शिडातला जोर लवकर काढून टाकावा लागतो. वजनदार, सावकाश शिकणाऱ्या आणि शर्यतीची ओढ नसलेल्या माणसाला साधी बांधणी वर्षभर पुरेल. तिच्यात गुंतायला दोऱ्याही कमी. शर्यतीत उतरणार असाल तर कप्प्या विकत घेण्याआधी वर्गाचे नियम वाचा. व्हँगमध्ये दोरी किती ठिकाणी वळवायची यालाही मर्यादा आहे.

दोरी कापताना मात्र घाई नको. १५:१ मध्ये व्हँग १० सेंटिमीटर लांबायला दीड मीटर दोरी सुटावी लागते. किनाऱ्यावर शीड चढवून बूम पूर्ण बाहेर सोडा, व्हँग हवा तेवढा सैल करा, त्यापुढे हातभर दोरी ठेवा आणि टोकाला आठच्या आकड्याची गाठ मारा. मगच सुरी चालवा.