मनातल्या मित्राला अंग हवं असेल तर: इंदूरच्या बाजारातल्या बाहुल्यांची पारख

मुलाला मनातला मित्र असणं ही काळजीची गोष्ट नाही, हे आधीच सांगायला हवं. आजही कितीतरी घरांत आजी घाबरते, “पोर एकटंच बोलतंय, दृष्ट काढा.” मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2004 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला अभ्यास सांगतो की सात वर्षांपर्यंत 65 टक्के मुलांना कधी ना कधी असा मित्र असतो. या आकड्यात कुणालाच न दिसणारे मित्र आहेत आणि मुलांनी जीव ओतलेल्या बाहुल्या-प्राणीही आहेत.

खरेदीला निघण्याआधी या दोन प्रकारांतला फरक समजून घ्या. ट्रेसी ग्लीसन आणि सहकाऱ्यांच्या 2000 सालच्या अभ्यासात तो नेमका दिसतो. न दिसणाऱ्या मित्राशी मुलाचं नातं बहुधा बरोबरीचं असतं. बाहुलीशी मात्र मूल आईबापासारखं वागतं, तिला जेवू घालतं, समजावतं, धीर देतं. दिवसभर सगळ्यांकडून शिकणारं, सगळ्यांकडून ऐकून घेणारं मूल तिथे पहिल्यांदा शिकवणारं होतं. आत्मविश्वासासाठी बाहुली घ्यायची ती यासाठी. म्हणून आमची कसोटी एकच आहे: या बाहुलीला मुलाची गरज भासेल का?

इंदूरच्या हस्तकलेच्या दुकानांत आणि लालबागेतल्या मालवा उत्सवात सगळ्यात आधी डोळ्यांत भरते ती मध्य प्रदेशातल्याच झाबुआची बाहुली. कारागिरी अव्वल. झाबुआच्या रमेश आणि शांती परमार या दांपत्याला 2023 साली याच कामासाठी पद्मश्री मिळाली. भिल्ल-भिल्लिणीची जोडी असते, त्याच्या हाती तीरकमठा, तिच्या डोक्यावर टोपली, गळ्यात मण्यांच्या माळा. पण ती हातात घेऊन बघा. दंड दाबला की कापडाखाली तार लागते. मणी आणि चांदीरंगी दागिने बऱ्याचदा नुसते डिंकाने चिकटवलेले असतात, नखाने उचकटले की सुटतात. चेहरा रेखीव, नजर ठरलेली, हातातलं कामही ठरलेलं. ही बाहुली म्हणजे पूर्ण झालेलं माणूस आहे. मूल तिला नाव देतं, कौतुकाने बघतं, पण रात्री कुशीत घेत नाही, आणि घेऊही नये. सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला गोष्ट रचायला ही जोडी फार सुंदर आहे. ती कपाटाच्या वरच्या फळीवर न ठेवता मुलाच्या उंचीवर ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाची सोबतीण म्हणून आम्ही ती सुचवणार नाही.

इंदूरची चामडी खेळणी ही या शहराची स्वतःची ओळख, त्यांना भौगोलिक मानांकनही (जीआय, म्हणजे ठरावीक ठिकाणच्या खास वस्तूला मिळणारी अधिकृत ओळख) मिळालेलं आहे. तारेच्या सांगाड्यावर भराव, वर बकऱ्याचं किंवा मेंढीचं चामडं आणि काचेचे डोळे. घोडा तर अप्रतिम करतात. मात्र मनातला मित्र मुलाबरोबर न्हाणीघरात जातो, वरणभातात लोळतो, गाडीच्या खिडकीतून डोकावतो. चामड्याला पाणी चालत नाही आणि काचेचा डोळा लहान मुलाच्या हाती नको. आठ वर्षांच्या, वस्तू जपणाऱ्या मुलाला जरूर द्या.

बटण दाबलं की बोलणारी बॅटरीची बाहुली या कामाची नाही. तिचं बोलणं ठरलेलं असतं, त्यामुळे मुलाला तिच्या वतीने काही बोलावंच लागत नाही.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे हातच्या बाहुलीवर चिन्ह दिसलं नाही तर ती बनावट ठरत नाही, पण तपासायचं काम तुमच्यावर येतं. शिवणी दोन्ही हातांनी ताणून पाहा. डोळे आणि मणी ओढून पाहा. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर सुमारे 32 मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावेल असा कुठलाही सुटा भाग धोक्याचा समजा.

आमची पहिली पसंती चिंधीच्या बाहुलीला. कधी एखाद्या स्टॉलवर तयार मिळते, पण शिवून घेतलेली जास्त चांगली. सीतलामाता बाजारात किंवा एम.टी. क्लॉथ मार्केटमध्ये उरलेल्या कापडाचे तुकडे ‘कतरन’ म्हणून मागा. त्याहून उत्तम म्हणजे आजीचं जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं, कारण त्याचा वास मुलाच्या ओळखीचा असतो. मापात चुका होतात म्हणून नीट सांगतो. उंची 20 ते 22 सेंटिमीटर, म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या काखेत बसते आणि शाळेच्या दप्तरातही मावते. कापड दुहेरी, शिवणीला 6 मिलिमीटर जागा, मान आणि काखेत टीप दोनदा. बाजूला 4 सेंटिमीटरची फट ठेवून भराव भरायचा. तो कापसाचा नको, उशीत भरतात तो फायबर घ्या, साधारण 60 ते 70 ग्रॅम पुरतो. कापूस धुतल्यावर गोळा होतो आणि श्रावणातल्या दमट हवेत आतून वाळत नाही, मग कुबट वास येतो. मान घट्ट भरा, नाहीतर आठवड्यात डोकं लोंबकळतं.

चेहऱ्यावर सगळ्यात जास्त विचार करा. डोळे दोऱ्याचे, बटणांचे नाहीत. तोंड म्हणजे दीड सेंटिमीटरची एक सरळ रेघ. शिवणाऱ्या ताईंना हे पटत नाही, त्या प्रेमाने हसरं तोंड काढून देतात. आग्रहाने सरळ रेघच मागा. हसरी बाहुली पडली तरी हसते, शाळेत रडू आलं तरी हसते. सरळ तोंडाची बाहुली मूल म्हणेल तशी होते, सकाळी भ्यालेली, संध्याकाळी शूर. नाव तुम्ही ठेवू नका. कपडे सुरुवातीला एकच जोडी द्या, बाकीचे मूल मागेल तेव्हा.

आता ती वापरायची कशी. समजा, मूल वाण्याच्या दुकानात तोंड उघडत नाही. पहिला आठवडा घरातच दुकान मांडा आणि भित्री बाहुली असू द्या, मूल नव्हे. “तिला बिस्किटाचा पुडा मागायचाय, पण आवाज फुटत नाहीये. तिला काय सांगशील?” एवढं विचारून थांबा. उत्तर यायला एखादा मिनिट लागतो, आणि मोठ्यांना नेमका तोच मिनिट सोसत नाही. दुसऱ्या आठवड्यात खऱ्या दुकानात जा, गर्दी नसताना, दुपारी. बाहुलीच्या वतीने मूल मागेल, कुजबुजत मागितलं तरी चालेल. त्यानंतर बाहुली पिशवीत राहील. मग कधीतरी ती घरी राहील, पण तो निर्णय मुलाचा. चार दिवसांनी पुन्हा पिशवीत आली तर मोडता घालू नका.

बिघडतं ते बहुतेक मोठ्यांमुळे. “बघ, तुझी बाहुली नाही घाबरत!” असं एकदा म्हटलं की ती मैत्रीण उरत नाही, वर्गातली हुशार मुलगी होते. तिच्या आवाजात रागावणं, तिच्या तोंडून दूध संपवायला लावणं, पाहुण्यांसमोर “बोल ना तिच्याशी” म्हणणं, या तीनही गोष्टी टाळा. मुलाने सांडलेल्या दुधाचं खापर बाहुलीवर फोडलं तर खोटारडेपणाचा शिक्का नको आणि सुटकाही नको. “बरं, दोघं मिळून पुसा,” म्हणून फडकं हातात द्या. बाहुली न विचारता धुऊ तर अजिबात नका. आधी सांगा, मुलाच्या हातूनच बादलीत घाला आणि दोरीवर काखेत चिमटे लावून वाळवा.

मित्र मुलाला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतो असं मूल म्हणू लागलं, मूल त्या मित्रालाच घाबरू लागलं, किंवा खऱ्या मुलांमध्ये जाणं पार थांबलं, तर बाहुली बाजूला ठेवून बालमानसतज्ज्ञांकडे जा. एरवी ‘कधी सुटणार हे वेड’ म्हणून दिवस मोजू नका.

बाहुलीत रमत नसलेल्या मुलासाठी एक स्वस्त पर्याय आहे, बॅटमॅनसारखी गळ्यापासून पाठीवर सोडायची झूल. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार आणि सहा वर्षांच्या 180 मुलांना कंटाळवाणं काम दिलं होतं, शेजारी मोह पाडणारा खेळही ठेवला होता. स्वतःला बॅटमॅनसारखं एखादं पात्र समजून काम करणारी मुलं सगळ्यात जास्त वेळ टिकली. अभ्यासाला बसताना कंटाळणाऱ्या मुलाला हे लागू पडतं. 60 सेंटिमीटर लांबरुंद कापड पुरतं. गळ्याशी नाडीची गाठ नको, वेल्क्रो लावा, म्हणजे झूल कुठे अडकली तरी ओढ बसताच सुटेल.

चिंधीची बाहुली वर्षभरात मानेपाशी उसवते. तेव्हा नवी आणू नका. मुलाला शेजारी बसवून उलट टीप घाला, आणि दोरा कुठल्या रंगाचा घ्यायचा ते त्यालाच विचारा.