वांगफुजिंगचा चहा

आकडा आधी सांगून टाकते: १,८४४ युआन. त्या दिवशीच्या दराने पावणेबावीस हजार रुपये, बँकेचं शुल्क वेगळं. बीजिंगमध्ये पोचून मला तेव्हा पुरते सोळा तासही झाले नव्हते. एवढे पैसे मी कशावर खर्च केले, तर सहा प्रकारच्या चहावर, तेही वाटीत नखभर ओतलेल्या.

मी सोलापूरची. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. आमच्याकडे भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, महापालिकेने ते स्मारक म्हणून जपलंय. दरवर्षी मुलांना तिथे घेऊन जायचे आणि सांगायचे, की १९३८ साली आपल्या गावचा सत्तावीस वर्षांचा डॉक्टर जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेला, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ला तिथेच वारला. वय अवघं बत्तीस. त्यांची समाधी शिजियाझुआंग शहरात आहे. निवृत्त झाल्यावर एकदा तिथे फूल वाहायचं, हे मनाशी धरून ठेवलं होतं. मुलाला सुट्टी नव्हती, मैत्रिणींनी चीनचं नाव काढताच पाय मागे घेतला, म्हणून ऑक्टोबर २०२४मध्ये एकटीच निघाले.

तेव्हा भारतातून चीनच्या मुख्य भूमीला थेट विमान नव्हतं. २०२०पासून ती सेवा बंद होती, ती पुढे वर्षभराने सुरू झाली. म्हणजे शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई, शनिवारचा दिवस मावसबहिणीकडे, मध्यरात्रीनंतर बँकॉकचं विमान, तिथे विमानतळाच्या खुर्चीत कित्येक तास, आणि रविवारी रात्री साडेअकराला बीजिंग. पिशवीतल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर दोन दिवस काढले. पाठ टेकून अशी झोप तीन रात्रींत मिळाली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात या थकव्याचा मोठा वाटा आहे.

मुलाने मला निघण्यापूर्वी चांगलं पढवलं होतं. विमानतळावर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत अंगावर येणाऱ्यांबरोबर जायचं नाही. त्यांना तिकडे ‘हेइछ’ म्हणतात, म्हणजे काळी गाडी, बिनपरवान्याची. अधिकृत रांगेतच उभं राहायचं, बीजिंगच्या टॅक्सीच्या पाटीवर चिनी अक्षरानंतर ‘बी’ असतो तो बघायचा, मीटर पाडायला लावायचं. झालंही तसंच. बाहेर पडताच एका माणसाने गळ्यातलं कसलंसं ओळखपत्र दाखवून चारशे युआन सांगितले आणि माझ्या बॅगेला हात घातला. मी बॅग ओढून घेतली आणि रांगेत गेले. तेरा युआनपासून मीटर सुरू झाला आणि दोंगसीजवळच्या माझ्या लहानशा हॉटेलपर्यंत सव्वाशेच्या आत भागलं. रात्री एक वाजता अंथरुणावर पडताना मला वाटलं, जमलं आपल्याला. धोका होता, तो ओळखला, टाळला. आता भीती नाही.

आज मागे वळून पाहते तेव्हा कळतं, की मुलाने सांगितलेला धोका पुरुषी होता, दांडगा होता. तो दुरून दिसतो. दुसऱ्या दिवशी जो आला तो गोड आवाजाचा होता आणि मला ‘आयी’ म्हणत होता.

दुसरा दिवस सोमवार. पहाटे चारलाच जाग आली. ‘फॉरबिडन सिटी’ म्हणतात तो राजवाडा सोमवारी बंद असतो, हे मला तिथे गेल्यावर समजलं. इतर दिवशीही आधी पासपोर्टच्या नंबरावर आरक्षण करावं लागतं. त्यानआनमेन चौकात जायलाही आता आरक्षण लागतं, तेही माझ्याकडे नव्हतं. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप चालत नव्हतं, त्यामुळे पोचल्याचं मुलाला कळवायचं राहिलं होतं. (भारतातल्या सिमचं रोमिंग घेतलं तर ते चालतं. माझं सुरू होतं, पण ऐनवेळी डोक्यात आलं नाही.) तशीच चालत चालत वांगफुजिंगला आले. ती मोठी बाजारपेठ आहे, गाड्यांना बंदी असलेली, कायम गजबजलेली. एका बाकावर बसले. मुंबई सोडल्यापासून माझ्याशी मनमोकळं असं एक वाक्य कोणी बोललं नव्हतं.

तिथे दोन मुली आल्या. विशीतल्या, साध्या कपड्यांतल्या. आमचा फोटो काढाल का, म्हणाल्या. मी काढला. मग कुठून आलात, भारत का, एकट्याच का, किती धीट आहात, आमिर खान आम्हाला फार आवडतो, अशी गाडी सुरू झाली. आम्ही बाहेरगावच्या, इंग्रजी शिकतोय, सराव करायचाय. एकीने मला ‘आयी’ अशी हाक मारली. चिनीत आयी म्हणजे मावशी, आईच्या वयाच्या कोणत्याही बाईला म्हणतात. पण माझ्या कानाला ते काय ऐकू आलं असेल, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

मी त्यांना कोटणीसांचा फोटो दाखवला. खाली त्यांचं चिनी नाव होतं. ‘के दिहुआ!’ असं म्हणून त्या मुलीने छातीवर हात ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते नाव खरंच माहीत होतं की फोटोखालचं वाचून दाखवलं, हे मला आजही कळलेलं नाही. भेट द्यायला आणलेले दोन सोलापुरी नॅपकिन मी तिथेच त्यांच्या हातावर ठेवले.

मग त्या म्हणाल्या, आम्ही चहाची पारंपरिक पद्धत बघायला चाललोय, जवळच आहे, याल?

मुख्य रस्त्यावरून गल्ली, गल्लीतून दुसरी गल्ली, एका इमारतीत वरचा मजला. खोलीला खिडकी नव्हती. बाहेर पाटी होती की नाही, आठवत नाही. रेशमी पोशाखातली एक बाई आली आणि तिने सगळं फार सुरेख केलं, हे कबूल करायला हवं. झाकणाच्या वाटीत पानं, पहिलं पाणी ओतून द्यायचं, दुसऱ्या पाण्याचा चहा इवल्या पेल्यांत. हांगझौचा लोंगजिंग, फुजियानचा तिएगुआनयिन, युन्नानचा पू-अर, मोगऱ्याचा, आणखी एक कुठलासा, आणि गरम पाण्यात फुलासारखा उमलणारा एक. माझ्यासमोर दरपत्रकही आलं. मुलीनेच ते उघडलं, एका ओळीवर बोट ठेवून ‘अठ्ठ्याण्णव’ म्हणाली आणि मिटवून टाकलं. मी समजले, सगळ्यांचे मिळून अठ्ठ्याण्णव. घासाघीस कशाला करायची?

बिल आलं २,४४४ युआनचं. अठ्ठ्याण्णव हा दर एका प्रकाराचा, एका माणसाचा होता. सहा प्रकार, तीन माणसं, म्हणजे १,७६४. खोलीचे तीनशे. आणि ‘आठवण म्हणून’ माझ्या पिशवीत घातलेल्या चहाच्या डब्याचे तीनशेऐंशी.

इथे त्यांचं खरं कसब आहे, म्हणून सावकाश सांगते. कोणी दमदाटी केली नाही, दार अडवलं नाही. उलट त्या मुलींचेच चेहरे उतरले. दोघी आपसात कुजबुजल्या, पाकिटं उलटीपालटी केली आणि त्यांनी सहाशे युआन टेबलावर ठेवले. आयी, आमच्याकडे एवढेच आहेत, आम्ही विद्यार्थी आहोत. आता मी काय करणार? त्या क्षणी बिलाबद्दल वाद घालणं म्हणजे या गरीब पोरींना तोंडघशी पाडणं, असं मला वाटलं. भीड भिकेची बहीण, हे मी स्वतः वर्गात फळ्यावर लिहिलंय. पण त्या खोलीत मला लाज वाटत होती ती पैसे न देण्याची. फोनवरून द्यायला निघाले तर बाई म्हणाली, कार्डच द्या. मी यंत्रात कार्ड घातलं आणि माझ्या हाताने पिन दाबला.

बाहेर आल्यावर त्यांनी मला मिठी मारली आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या. एकमेकींना फोन नंबरही दिले नव्हते, हे त्यानंतर लक्षात आलं.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने माझ्या हातातली पावती बघितली आणि तिचा चेहराच बदलला. फोनवरच्या भाषांतरात तिने दाखवलं: या लोकांना ‘छातुओ’ म्हणतात. चहाच्या दुकानासाठी गिऱ्हाईक घेऊन येणारे, कमिशनवरचे. मद्यासाठी आणणाऱ्यांना ‘ज्यूतुओ’. त्यांनी ठेवलेले सहाशेही दुकानाचेच असणार. मी म्हटलं, जाऊ दे. ती म्हणाली, का जाऊ दे? आणि तिने ११० फिरवला. तो पोलिसांचा नंबर.

कामाची वेळ संपल्यावर ती पोर माझ्याबरोबर आली. पावतीवरच्या पत्त्यावरून जागा सापडली. पोलिसाने मालकिणीशी दहा-पंधरा मिनिटं बोलणं केलं. दर छापलेले आहेत, बाईंनी मान्य करून पिन दाबलाय, त्या मुली आमच्या कोणी नव्हेत, असं मालकिणीचं म्हणणं. शेवटी तिने शंभराच्या बारा नोटा मोजून दिल्या आणि चहाचा डबा परत घेतला. पावती जपून ठेवली नसती तर हेही झालं नसतं. बँकेकडून काही मिळालं नाही. पिन टाकून केलेला व्यवहार खातेदाराच्या संमतीचाच धरतात.

जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. शांघायमध्ये हाच प्रकार नानजिंग रोड, पीपल्स स्क्वेअर आणि यू गार्डनच्या आसपास चालतो. कधी चहाऐवजी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन असतं. इंग्रजीत स्वतःहून बोलायला आलेला प्रत्येक जण ठग नसतो, पण त्याने निवडलेल्या जागी खायला-प्यायला जाऊ नका. चहा प्यायचाच असेल तर जागा तुम्ही सुचवा. साध्या खानावळीत चहा बहुतेक वेळा फुकट नाहीतर नाममात्र पैशांत मिळतो. दरपत्रक स्वतः हातात धरून फोटो काढा, दर माणशी आहे का विचारा. भलतं बिल आलं तर पैसे देण्यापूर्वी ‘फापियाओ’ मागा, म्हणजे करखात्याची अधिकृत पावती. असल्या दुकानांना ती द्यायची नसते. आणि ‘वो याओ बाओजिंग’ हे तीन शब्द पाठ करा: मला पोलिसांना बोलवायचंय.

सगळ्यात सोपी गोष्ट घरबसल्या होते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या परदेशातल्या व्यवहारांची मर्यादा लावता येते. माझी एक लाख होती. ती पाच हजारांवर असती तर यंत्रानेच माझ्या वतीने नकार दिला असता, मला तोंड उघडावं लागलं नसतं. गरज पडली की दोन मिनिटांत वाढवता येते. आणि पहिला दिवस झोपायला ठेवा. तीन रात्रींच्या जागरणानंतर अनोळखी शहरात कोणाच्याही मायेच्या शब्दाला माणूस भुलतं.

बुधवारी आगगाडीने शिजियाझुआंगला गेले. हुतात्म्यांच्या त्या मोठ्या बागेत कॅनडाहून असेच चीनच्या मदतीला आलेल्या डॉ. बेथ्यून यांची समाधी आहे, त्याच आवारात आपले कोटणीस. मी फुलं वाहिली, भैय्या चौकातल्या घराच्या अंगणातली पुडीत आणलेली चिमूटभर माती कपाळाला लावली आणि थोडा वेळ तिथेच बसले.

शेजारी एक म्हातारी बाई आली, सत्तरीपुढची, बरोबर शाळकरी नातू. तिने माझ्या साडीकडे पाहिलं, पुतळ्याकडे बोट केलं आणि ‘यिन्दू?’ असं विचारलं. भारत? मी मान हलवली. तिने नातवाला वाकायला लावलं, पुतळ्यासमोर आणि मग माझ्यासमोर. पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

मी हात हलवून नको म्हटलं. ‘बू याओ’, दोनदा. सोमवारनंतर पाठ केलेला शब्द. ती जरा वेळ तशीच हात पुढे करून उभी राहिली, मग तिने तो चहा नातवाला दिला.