अर्धवट राहिलेला सेंच्युरियन: तोच पुरा करावा की नवा किट घ्यावा?

तामिया या जपानी कंपनीचा सेंच्युरियन मार्क ३, म्हणजे ब्रिटिश रणगाड्याच्या १/३५ प्लास्टिक मॉडेलचा किट, अनेकांच्या हातून एकाच टप्प्यावर सुटतो. हल (रणगाड्याचं धड) तयार, बुरूज तयार आणि समोर चाकांचा ढीग. प्रत्येक बाजूला सहा जोड्या, म्हणजे एकूण चोवीस चाकं, आणि प्रत्येकाच्या कडेचं रबर वेगळं रंगवायचं. डबा कपाटावर जातो तो इथेच.

आता मार्ग तीन: तोच किट आहे तसा पुरा करणं, त्याला महागडे सुटे भाग लावणं, किंवा एएफव्ही क्लबसारख्या दुसऱ्या कंपनीचा, नव्या साच्याचा किट घेणं.

आधी ठरवा, रणगाडा कुणाचा हवा? एप्रिल १९५१ मध्ये कोरियात इमजिन नदीवर लढलेल्या एट्थ हुसार्स या ब्रिटिश रेजिमेंटचा हवा असेल, तर जुना किटच बरोबर, कारण त्यांच्याकडे मार्क ३ होते. मनात पूना हॉर्स ही भारतीय रणगाडा रेजिमेंट असेल, १९६५ च्या युद्धातले तारापोर किंवा १९७१ च्या बसंतरच्या लढाईतले अरुण खेत्रपाल, तर मात्र अडचण आहे. भारताकडचे सेंच्युरियन मुख्यतः मार्क ७. त्यांच्या तोफेच्या नळीवर मधोमध धूर ओढून घेणारं जाड नळकांडं असतं, मार्क ३ वर ते नाही. नळी बदलता येते, पण मार्क ७ ची मागची बाजूही लांब आहे आणि तिथे कापाकापी आली. ब्लेड हातात घेण्याआधी नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममधला सेंच्युरियन चारी बाजूंनी बघून या.

दुसरा मार्ग, म्हणजे महागड्या सुट्या भागांतले एकेक कडी जोडायचे ट्रॅक (चाकांभोवतीचे पट्टे), मला पटत नाही. सेंच्युरियनच्या बाजूचे पत्रे बसवले की ट्रॅकचा वरचा भाग झाकला जातो. एकेक कडी जोडत बसायचं आणि दिसणार काय, तर पुढचं-मागचं वळण आणि खालची पट्टी! डब्यातले रबरी ट्रॅक इथे चालतात. फक्त ते वर्षानुवर्षं प्लास्टिकला चिकटून राहिले तर प्लास्टिक वितळू शकतं, म्हणून डबा उघडल्या उघडल्या ते वेगळे काढा.

नवा किट देखणा आहे, सस्पेन्शन (चाकं धरणारे भाग) बारकाईने घडवलं आहे, पण चाकं त्यातही चोवीसच. मार्क ३ चालणार असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: जुनाच पुरा करा. चाक टूथपिकवर खोचा, काळपट करडा रंग पातळ करा आणि रबर-धातूच्या खाचेत ब्रशचं टोक टेकवून चाक फिरवा. रंग खाचेतून आपोआप धावतो. मग फक्त बाहेरची कड भरायची.

डिकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर लावायची चिन्हं) पिवळी पडली असतील तर त्यांचा कागद खिडकीच्या काचेवर उन्हात टेपने चिकटवून ठेवा, बरीच उजळतात. पाण्यात घालण्याआधी वरून ग्लॉस व्हार्निशचा एक हात द्या आणि वाळल्यावर प्रत्येक चिन्ह कडेने कापून घ्या. जुनी डिकल पाण्यात तुकडे तुकडे होतात, व्हार्निश त्यांना धरून ठेवतं.