सुपर मीट बॉय : पावसाळाभर खेळल्यावर

खानापूरकडं पाऊस लागला की दोन-दोन दिवस बाहेर पडता येत नाही, म्हणून जूनच्या तोंडावर स्टीमवरून, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून, हा गेम घेतला. आता भातकापणी आली तरी तो लॅपटॉपवरून काढावासा वाटलेला नाही.

गेम २०१०चा. एडमंड मॅकमिलन आणि टॉमी रेफेनेस या दोघांनी मिळून केलेला. गोष्ट एवढीशीच आहे. कातडी नसलेला, मांसाच्या गोळ्यासारखा चौकोनी पोरगा, मीट बॉय, आणि डॉक्टर फीटसनं पळवून नेलेली त्याची बँडेज गर्ल. तिच्यापर्यंत पोचायचं. हातात शस्त्र काही नाही. पळायचं आणि उडी मारायची, बस्स.

पण ती उडी! बटण दाबून धराल तेवढी ती उंच जाते. भिंतीला लागला की तो चिकटून हळूहळू खाली घसरतो, आणि जोरात येऊन आदळला तर आधी थोडा वरच सरकतो. भिंतीवरून उडी मारली की लांब फेकला जातो, पण हवेतच दिशा बदलून परत त्याच भिंतीला धरता येतं. म्हणजे समोर दुसरी भिंत नसली तरी एकाच भिंतीवरून वर चढता येतं. हे बोटांत बसायला मला पंधरवडा लागला. एकदा बसलं की दोन भिंतींच्या अरुंद बोळातून, फिरत्या करवतींच्या मधून सटासट वर जाताना जो आनंद होतो, तसा उड्या मारत पुढं जायच्या दुसऱ्या कुठल्या (प्लॅटफॉर्म) गेममध्ये मला मिळाला नाही.

मरण मात्र सारखंच येतं. तरीही राग येत नाही, कारण मेला की क्षणात परत सुरुवातीला उभा. लोडिंग नाही, ‘गेम ओव्हर’ची पाटी नाही, साध्या लेव्हलमध्ये जीव मोजलेले नाहीत. बहुतेक लेव्हल नीट जमल्या तर अर्ध्या मिनिटाच्या आतल्या, त्यामुळं केलेलं फार वाया जात नाही. मागच्या वेळी कुठं आपटलो तिथं भिंतीवर लाल डाग राहतो, त्यावरून पुढची उडी कुठून मारायची ते कळतं. आणि लेव्हल सुटली की आपले शेवटचे चाळीसेक प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावताना दिसतात. डझनांनी मीट बॉय करवतीत जातात आणि एकटा पोचतो. हे बघायला आमच्या सोप्यात भाचा आणि त्याचे कन्नड शाळेतले दोन दोस्त मांडी घालून बसलेले असतात. मधल्या दृश्यांत संवादच नाहीत, त्यामुळं कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. “मामा, आता मला दे की!” एवढंच ऐकू येतं.

वेळेच्या आत लेव्हल संपवली की ए-प्लस हा शेरा मिळतो आणि त्याच लेव्हलचं जास्त अवघड ‘डार्क वर्ल्ड’ रूप उघडतं. खरा गेम तिथं आहे असं माझं मत. वॉर्प झोनमध्ये, म्हणजे लपवलेल्या जादा लेव्हलमध्ये, मात्र तीनच जीव मिळतात, तिथं जपून. दोन-तीन लेव्हल अडल्या तरी बॉसपर्यंत, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूपर्यंत, जाता येतं, हेही बरं केलंय.

बॉस मला फारसे आवडले नाहीत. बराचसा भाग पाठ करून पळण्याचाच. डॅनी बॅरनॉव्स्कीचं संगीत जोरकस आहे. लाईट गेल्यावर बॅटरीवर, बाहेर पत्र्यावर पाऊस आपटत असताना हेडफोन लावून ऐकलं तर जास्त भावतं. लॅपटॉप जुना असला तरी चालतो, गेम फारसं काही मागत नाही.

रक्ताचे शिंतोडे भरपूर आहेत. कार्टूनसारखे असले तरी अगदी लहान पोरांपुढं लावू नये. आणि कीबोर्डवर खेळू नका. गेमच सुरुवातीला पॅड (हातात धरायचा गेम कंट्रोलर) वापरायला सुचवतो, ते मनावर घ्या. पळायचं बटण दाबून ठेवून उडीचं बटण मधेच सोडायचं, हे पॅडवर जितकं नेमकं होतं तितकं कीबोर्डवर होत नाही. बेळगावात वापरलेला वायरचा पॅडही मिळून जातो, फक्त घेण्याआधी उडीचं बटण अडकत नाही ना ते दुकानातच दाबून बघा.